अठ्ठावीस कोपरे

अक्का, तुमच्या तेराव्याला मी तुमच्या फोटोपुढं बसून टेबलक्लॉथचा कोपरा उलटून बघत होते, हे निदान चार बायकांनी बघितलं. एकीनं विचारलंसुद्धा, "सुनंदा, काय शोधू राहिली गं?" मी म्हणाले, तेलाचा डाग पडला का बघते. समई तिथंच होती, त्यामुळं तिला पटलं. खरं म्हणजे मी तुमची चोरी पकडायला बसले होते. फोटोला हार, पुढं उदबत्ती, माणसं डोळे पुसत आहेत आणि धाकटी जाऊ खाली वाकून टाके तपासतेय. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात.

वाईट वाटून घेऊ नका. किंवा घ्या. नऊ वर्षं जे पोटात ठेवलं ते आता तुमच्याशी नाही बोलायचं तर कुणाशी बोलायचं? आमच्या ह्यांना सांगायला गेलं तर म्हणतात, एवढ्याशा कोपऱ्यांचं काय घेऊन बसलीस. पुरुषांना कोपरे कळत नाहीत.

माझा स्वभाव तुम्हाला पहिल्या वर्षीच कळला होता. पुंडलिकनगरच्या ह्या घरात तुम्ही आणि भावजी वर, आम्ही खाली. दूधवाल्याच्या मापावर माझा संशय, भाजीवाल्याच्या काट्यावर संशय, मोलकरीण लवकर आली तरी संशय, की आज हिला एवढी घाई कसली. आपण दोघी औरंगपुऱ्यात पांढरं केसमेंटचं कापड घ्यायला जायचो, तेव्हा दुकानातले चाचा कापड फाडायच्या आधीच म्हणायचे, "पूरा नापके दे रहा हूँ भाभी, फिर भी घर जाके नापोगे, मालूम है मेरेको." आणि मी घरी येऊन मोजायचेच. तुम्ही म्हणायच्या, "बोटभर कमी निघालं तर काय परत जाशील व्हय?" मी एकदा गेलेही होते. तुम्ही माझ्यासोबत रिक्षात बसून आलात, दुकानाबाहेर उभ्या राहिलात आणि आत यायला मात्र साफ नाही म्हणालात.

अशा बाईला तुम्ही कोपरे शिकवायला घेतलेत. दुपारी तीन वाजता, वरच्या खोलीत, खिडकीपाशी तुमचं मशीन. टेबलक्लॉथ काय आणि रुमाल काय, कडा दुमडून टीप मारणं कुणालाही येतं, असं तुमचं म्हणणं. बाई कळते ती कोपऱ्यात. दोन्ही बाजूंची पट्टी दुमडून इस्त्री करायची, मग ती उघडायची, कोपरा तिरका मोडायचा, टोक कापायचं आणि दोन्ही तिरक्या कडा एकमेकींना भिडवायच्या. नीट जमलं की फोटोच्या चौकटीला असते तशी एक तिरकी रेघ दिसते आणि बाकी काही दिसत नाही. पट्टीला मशीनची टीप चालेल, पण ती तिरकी रेघ हातानंच शिवायची, हा तुमचा कायदा. टोक किती कापायचं ह्यावरनं आपलं कधीच जमलं नाही. तुम्ही म्हणायच्या नखभर सोड, नाहीतर कापड सुटतं. मी म्हणायचे अर्धं नख पुरे, नाहीतर कोपरा जाड होतो. ह्या अर्ध्या नखावरनं आपण दोन-दोन दिवस अबोला धरलाय. मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं.

तुम्ही डाव्या हातानं शिवायच्या. जेवण उजव्या हातानं, वाढणं उजव्या हातानं, पण सुई हातात आली की डावा. सासूबाईंना ते खपायचं नाही. डाव्या हातानं शिवलेलं शुभकार्यात नको, असं त्यांनी एकदा चार पाहुण्यांसमोर सांगितलं आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. तुमच्या हातचे रुमाल रोजच्या जेवणाला चालायचे, दिवाळीच्या फराळाला चालायचे, लग्नात नाही. सासूबाई गेल्या तरी तुम्ही तो नियम मोडला नाहीत. तेव्हा मला त्याचाही संशय आला होता, की ही बाई काम टाळायला सासूबाईंचं नाव पुढं करते. आज लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

मग माझ्या पल्लवीचं लग्न ठरलं. आपल्याकडं रुखवत मांडायचं म्हणजे परीक्षाच. नवरीकडच्यांनी हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि नवऱ्याकडच्या बायकांनी त्या उलट्यापालट्या करून बघायच्या. सुलट बाजू कुणी बघत नाही. मी ठरवलं, एक टेबलक्लॉथ आणि सहा रुमाल, सगळे पांढरे, आणि सगळे माझ्या एकटीच्या हातचे. टेबलक्लॉथचे चार आणि सहा रुमालांचे चोवीस, असे अठ्ठावीस कोपरे. तुम्ही म्हणालात, "कर. मी बघणारबी नाय." आणि खरंच बघितलं नाहीत. मी पायऱ्यांवरनं जाताना मुद्दाम कापड हातात धरून जायचे, तुम्ही मान वळवायच्या.

झालं शिवून. आमची इस्त्री तेव्हा पिवळे डाग पाडायची, म्हणून धुऊन वाळवलेला सगळा गठ्ठा तुमच्याकडं इस्त्रीला दिला. तिथंच सगळं बिनसलं. तुम्ही दोन दिवस लावलेत. सात कापडांना दोन दिवस. आणि परत आले तेव्हा कोपरे मी दिलेले नव्हतेच. म्हणजे असं मला वाटलं. एवढे टोकदार, एवढे सपाट, की बोट फिरवलं तर जोड लागत नव्हता. मी खूश व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी चौकशीला लागले. तुमच्या मशीनवर टाके उसवायचं ते छोटं हत्यार उघडं पडलं होतं. मी तुमच्याकडं ठेवलेलं पांढरं रीळ हातात घेतलं तर हलकं लागलं. आणि तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "लई चांगले झालेत गं कोपरे." तुम्ही कधी एवढ्या सरळ कौतुक करायच्या नाहीत. मला त्यातच खोट दिसली.

लग्नाच्या दिवशी मुलाच्या मावशीनं अपेक्षेप्रमाणं पहिला रुमाल उचलला तो उलटाच. बघितलं, दुसरा उचलला, मग टेबलक्लॉथचा कोपरा. म्हणाली, "हे कुणी केलं? हात बसलेला दिसतो." पल्लवी म्हणाली, आईनं. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खांबाशी उभ्या होतात आणि खाली बघून हसत होतात. बस्स. त्या हसण्यानं मला खात्री पटली. सगळे कोपरे उसवून तुम्ही नव्यानं शिवलेत, माझ्या नावावर खपवलेत आणि आता मनातल्या मनात गंमत बघताय. माझ्या पोरीच्या लग्नात, माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एक शाबासकीच्या वेळी, मी चोरासारखी उभी होते.

चार दिवसांनी जिन्यात विचारलं तुम्हाला. तुमच्या हातात वाळवणाचं ताट होतं.

"अक्का, कोपऱ्यांना हात लावलात का तुम्ही?"

"लावला की. इस्त्री केली ना."

"इस्त्रीनं असे होतात व्हय कोपरे?"

"व्हतात. ओलं फडकं ठेवून एकेक दाबला दोन्हीकडनं. येळ लागला त्याला."

"उसवले नाहीत?"

तुम्ही ताट पायरीवर ठेवलंत. "नाय गं. तुझंच हाय सगळं. उलटून बघ की, टाके कुणाचे ते कळतं."

मी नाही बघितलं. ह्या एका गोष्टीचा मी इतके दिवस विचार करतेय. टेबलक्लॉथ अजून घरातच होता, पल्लवी मांडवपरतणीला घेऊन आली होती. दोन मिनिटांचं काम. पण बघितलं आणि तुमचे टाके निघाले तर माझ्या हाताला काही येत नाही हे पक्कं व्हायचं. आणि माझे निघाले तर तुमच्यावर रागवायला काही उरायचं नाही. मला तो राग हवा होता, अक्का. तुम्हाला सगळं यायचं. पुरणाचा कट यायचा, माणसं सांभाळणं यायचं, सासूबाईंची बोलणी गिळणं यायचं. मला तुमच्याविरुद्ध काहीतरी हाताशी हवं होतं आणि ते आयतं मिळालं.

त्यानंतर मी शिवण सोडलं. तुम्ही आधी रोज जिन्यातनं हाक मारायच्या, "ए सुनंदा, ये शिवायला." मग आठवड्यातनं एकदा. मग दिवाळीच्या आधी. मी कधी गुडघे सांगितले, कधी मालिका, कधी बीपी. मला बीपी नाही हे तुम्हाला माहीत होतं, तुम्हीच मला तपासायला घेऊन गेला होतात. तरी "बरं, आराम कर" म्हणून वर जायच्या. सणावाराला आपण एकत्र पोळ्या लाटल्या, दुखण्याखुपण्याला एकमेकींच्या उशाशी बसलो, बाहेरच्या कुणाला काही कळलं नसेल. पण कापड घेऊन मी तुमच्या दारात परत आले नाही.

तुम्हीही एकदा तडकायला हवं होतं. मला धरून बसवायचं, कोपरा नाकासमोर धरायचा आणि सांगायचं, बघ, डोळे फुटले का तुझे. तुम्ही नुसत्या "बरं" म्हणत राहिलात. त्या "बरं"चा मला संताप यायचा, अजून येतो.

शेवटी दवाखान्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. भावजी औषधं आणायला खाली गेले होते. तुम्ही म्हणालात, "पल्लवीचं ते टेबलक्लॉथ..." आणि नर्स आली, तिला सलाईन बदलायची होती, मला बाहेर जायला सांगितलं. मी परत आत आले तेव्हा तुम्हाला झोप लागली होती. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

लोक म्हणतात, शेवटचं बोलणं झालं असेल तर नशीब. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे अर्धं वाक्य, आणि त्या अर्ध्या वाक्याचा मी काय अर्थ लावला असेल? कबुली. दहा दिवस मी भाकरी थापताना, माणसांना चहा देताना तेच घोळवत होते. शेवटी बाई कबूल करत होती. मला रडूही येत होतं आणि आत कुठंतरी बरंही वाटत होतं, की मी खोटी नव्हते. तुमच्या जाण्याच्या दुःखात मी माझा निकाल शोधत होते. असली बाई तुमच्या वाट्याला आली.

तेराव्याला पल्लवी नाशिकहून आली आणि पिशवीतनं तो टेबलक्लॉथ काढून तिनं तुमच्या फोटोखालच्या स्टुलावर अंथरला. मला न विचारता. घरात तीन चांगल्या चादरी असताना हाच का? मी तिच्या तोंडाकडं बघितलं, तिचं लक्ष नव्हतं. मग माझं कशातच लक्ष लागेना. गुरुजी काय सांगत होते, कुणी कुठं बसलं होतं, काही नाही. माझ्या नाकासमोर तो कोपरा लोंबत होता.

म्हणून उलटला. तुम्ही डाव्या हाताच्या, तुमचा टाका डावीकडं कलायचा. माझा उजवीकडं. हे आपल्या दोघींशिवाय कुणाला सांगूनही कळलं नसतं. मी चष्मा पुसला, परत बघितलं. उजवीकडं. दुसरा कोपरा बघायला सरकले, तेव्हाच त्या बाईनं विचारलं होतं काय शोधतेस. तोही उजवीकडं. मागचे दोन बघायला मी पाणी द्यायच्या निमित्तानं उठले. चारही उजवीकडं.

तुम्हाला वाटेल, आता तरी ही शांत बसेल. मला वाटलं, टेबलक्लॉथ सोडला असेल, रुमाल उसवले असतील. सगळे जेवून गेल्यावर मी पल्लवीला म्हणाले, जावईबापूंना फोन कर आणि सहाही रुमालांच्या कोपऱ्यांचे फोटो पाठवायला सांग. तिला वाटलं मला तुमची आठवण येतेय, तिनं लगेच सांगितलं. त्या भल्या माणसानं चोवीस फोटो पाठवले आणि सगळे सुलट बाजूचे. परत सांगितलं, उलट्या बाजूचे पाठवा. त्यांनी तेही पाठवले, काही न विचारता. मी एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला. दोन रुमालांवर भाजीचे डाग आहेत, ते मी पल्लवीला नंतर बोलले. टाके सगळे उजवीकडं.

मग मनात आलं, तुम्ही मुद्दाम उजव्या हातानं शिवलं असेल. शपथेवर सांगते, आलं मनात. लग्नाचं काम, डावा हात नको, म्हणून उजव्यानं. मी पाच मिनिटं ह्याच्यावर विचार केला. आणि मग गाठ दिसली. मी दोरा संपवताना गाठ मारते, एकावर एक दोन. तुम्ही किती वेळा सांगितलं असेल, गाठ मारू नको, टाक्यावर टाका घे, गाठ टोचते. तुम्ही मेलात तरी गाठ मारली नसतीत. प्रत्येक कोपऱ्याच्या शेवटी माझी ती बोजड दुहेरी गाठ होती. इस्त्रीखाली दाबून दाबून तुम्ही तिला चपटी केली होती, पण होती. अठ्ठावीस.

त्या दोन दिवसांत तुम्ही काय केलं असेल ते मला तेव्हा दिसलं. ओलं फडकं, एकेक कोपरा, दोन्हीकडनं. डावा हात लागायला नको म्हणून इस्त्रीसुद्धा उजव्या हातानं धरली असेल का, हे विचारायला आता कुणी नाही. रिळाचं आणि त्या उसवायच्या हत्याराचं मात्र अजून कळलेलं नाही. एखादं बटण लावलं असेल तुम्ही. आणि त्या हसण्याचंही नक्की कळलं नाही. कौतुकानं हसला असाल. पण तुम्हाला ओळखते मी, थोडी गंमतही वाटली असेल.

मी पल्लवीला विचारलं, हा टेबलक्लॉथ तुला आणावासा का वाटला. ती म्हणाली, "मोठ्या आईचा फोन आला होता ना, दवाखान्यात जायच्या आधी. म्हणाली, येताना ते टेबलक्लॉथ घेऊन ये, तुझ्या आईला दाखवायचंय. ती स्वतःहून बघायची नाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काय दाखवायचं होतं गं?" मी म्हणाले, शिवण. ती बरं म्हणाली आणि बॅग भरायला गेली. तिला सगळं सांगायला पाहिजे होतं. मला जमलं नाही.

अक्का, माझं चुकलं. तुम्ही जिन्यात उभं राहून खरं सांगितलं होतं आणि मी खोटं धरून बसले, कारण ते मला सोयीचं होतं. कोपरे माझे आहेत हे कळल्यावर आनंद व्हायला पाहिजे, आणि झालाही. लाज वाटते पण झाला. मी मनात म्हणाले, बघा, हात होता मला. आणि हे जिला सांगावं अशी एकच बाई होती. बाकी कुणाला अठ्ठावीस कोपऱ्यांचं काय पडलंय?

पल्लवी टेबलक्लॉथ इथंच ठेवून गेली. दोन दिवसांनी मी तो धुतला, वाळवला, ओलं फडकं ठेवून तुमच्यासारखा दाबायचा प्रयत्न केला. दुपारी घडी करून काखेत धरला आणि जिना चढले. भावजींना दाखवावं असं काहीतरी डोक्यात होतं. त्यांना काय कळणार, पण कुणाला तरी दाखवायला हवं होतं. दार वाजवलं. बऱ्याच वेळानं उघडलं. नुकतीच झोप मोडलेली असावी, चष्मा नव्हता. त्यांनी माझ्या काखेतलं कापड बघितलं आणि तोंड वळवून आतल्या खोलीकडं हाक दिली, "अगं, सुनंदा आली बघ शिवायला."

मग त्यांच्याही लक्षात आलं. कडी हातात धरून ते तसेच उभे राहिले. मी म्हणाले, "जरा उशीर झाला, भावजी."